दुसरा पट्टा

रुफिनाने आपल्या जावयाचं नाव कधीच घेतलं नव्हतं. राग म्हणून नव्हे. आमच्या मानूस बेटावर सासू जावयाचं नाव घेत नाही आणि जावई सासूचं घेत नाही. दोघं एकमेकांना 'तांबू' म्हणतात आणि तेवढ्या एका शब्दावर जन्म काढतात. चुकून कुणाच्या तोंडून नाव निसटलंच, तर ज्याचं घेतलं त्याच्या हातात चारचौघांसमोर काहीतरी ठेवावं लागतं, तेही चांगलं घसघशीत, म्हणजे लाज धुतली जाते. ही गोष्ट मी रुफिनाच्याच ओसरीवर बसून ऐकली आहे, त्यामुळे तिच्या जावयाचं नाव जिथे यायचं तिथेच येईल. तोवर तो नुसता जावई.

तिची गंमत अशी, की नाव घ्यायची मुभा होती तेव्हा तिला ते ठाऊकच नव्हतं. लोंब्रुमच्या आरमारी तळावर छावणी होती, ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर समुद्रात अडवलेल्या माणसांची, तेव्हा रुफिना तिथल्या धुलाईघरात कामाला होती. कपडे जाळीच्या पिशव्यांतून यायचे. पिशवीला प्लास्टिकचा बिल्ला, बिल्ल्यावर नंबर. त्यातला एक सत्तेचाळीस. सत्तेचाळीसचे शर्ट जुनेच, पण कॉलर झिजली की ती उसवून उलटी करून शिवलेली असायची, इतकी सफाईने की रुफिना ती बाकीच्या बायकांना दाखवायची. पहारेकरी ओरडायचे, "सत्तेचाळीस!" आणि कुंपणापलीकडून एक काटकुळा माणूस पुढे यायचा. रुफिनाही म्हणायची, "सत्तेचाळीस, तुझी चड्डी फाटलीये बघ." तिने छावणीत काही पाप केलं नाही आणि पुण्यही केलं नाही. कपडे धुतले.

मग छावणी बंद झाली. कुणी अमेरिकेला गेले, कुणाला आमच्या देशाच्या राजधानीत हलवलं, कुणाचं काय झालं कळलंच नाही. सत्तेचाळीस बेटावरच्या मोठ्या गावात, लोरेंगाऊच्या बाजारात जाळी दुरुस्त करत बसायला लागला. मूळचा तो कोळ्याचा पोर, बर्माच्या किनाऱ्यावरचा रोहिंग्या. तिथल्या सरकारने त्याला आपलं म्हटलं नाही आणि दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत तो इथे येऊन अडकला. शेजारच्या फळीवर रुफिनाची मुलगी लिनेट धुरावलेले मासे विकायची. पुढचं सांगायला नको. मागणी घालायला रुफिनाचा मामेभाऊ लेओ मध्यस्थ म्हणून आला. त्याने सुपारीची फोड गालात सरकवली, त्या माणसाचं पूर्ण नाव सांगितलं आणि त्याच दमात म्हणाला, "चल, आता तू त्याची तांबू." नाव कळलं आणि तोंडाला कुलूप लागलं, दोन्ही एकदमच.

ह्याचं कुणाला काही वाटलं नाही. जावयाला मात्र वाटायचं. तो एकदा लिनेटला म्हणाला होता, आणि घराची भिंत म्हणजे विणलेली चटई असल्यामुळे रुफिनाने ते ऐकलं होतं.

"तुझ्या आईने मला दोनच हाका मारल्या. आधी नंबर, मग नातं."

"नंबरपेक्षा नातं बरं की."

"बरंच आहे. पण माझं नाव माझ्या आईने ठेवलंय. कुणीतरी मोठ्या माणसाने ते घ्यावंसं वाटतं गं. लहानपणी मोठी माणसं घरातून हाका मारायची तशी."

"मग आमच्या आईला सोडून दुसरी म्हातारी गाठ," लिनेट म्हणाली होती. तिची जीभ तिच्या आईवर गेलेली.

एवढ्यावर ते राहिलं होतं. राहिलंही असतं.

पण पुढे त्यांना मुलगा झाला, आणि त्यानंतर कॅनडातल्या काही लोकांनी आपल्या खर्चाने जावयाला तिकडे न्यायचं ठरवलं. त्याला कागद मिळणार, पासपोर्ट मिळणार, पुढेमागे बांगलादेशातल्या निर्वासितांच्या वस्तीत राहणाऱ्या आईला भेटायला जाता येणार. बायको आणि मूलही त्याच्याबरोबर जाणार, मात्र लग्न खरं आहे, कागदापुरतं नाही, हे सिद्ध झालं तर. आणि इथेच घोडं अडलं. तो मुसलमान, म्हणून चर्चच्या वहीत लग्नाची नोंद नाही. आमच्या भागात मशीद नाही, म्हणून तिथलीही नाही. मग उरला तो घरच्या माणसांचा शब्द. तो घ्यायला त्या लोकांनी ऑड्री नावाची एक बाई धाडली.

लेओ आपल्या मोटारहोडीतून सगळ्यांना लोरेंगाऊला घेऊन गेला. चर्चच्या सभागृहात बाईंनी टेबल मांडलं होतं. आधी लिनेट आत गेली, मग जावई, शेवटी रुफिना. ऑड्रीबाई पलीकडच्या बेटावर, रबाऊलला पुष्कळ वर्षं राहिलेल्या. आपली बोली बोलायच्या, थोडी अडखळत, पण गोड. त्यांनी टेबलावर आवाज टिपणारं यंत्र ठेवलं आणि म्हणाल्या, "तुमच्या मुलीच्या नवऱ्याबद्दल सांगा."

रुफिनाला एवढंच हवं होतं. "चहात साखर घालतो ती मूठभर. मासा डोक्यापासून खायला लागतो. डुक्कर खात नाही, त्यामुळे लग्नात आमची पंचाईत झाली, भावकीने तोंडं वाकडी केली. झोपेत ओरडून उठून बसतो. आधी रोज उठायचा, आता कधीतरी. पोरगं रडलं की लिनेटच्या आधी हा उठतो, ती पडलेलीच असते मढ्यासारखी. जाळं असं विणतो की आमच्या पोरांना सात जन्मांत जमायचं नाही. पण हे पोरांना सांगू नका, फुगून बसतील."

बाई हसल्या. "आता त्याचं नाव सांगा."

"तो माझा तांबू आहे."

"ते कळलं. नाव?"

"तेच सांगतेय ना बाई. तांबू आहे म्हणून."

ऑड्रीबाईंनी यंत्र बंद केलं. डोळे चोळले. सकाळपासून त्यांनी नुसता चहा घेतला असावा.

"आजी, तुमचा रिवाज मला ठाऊक आहे. पण निकाल मी देत नाही. तो देणारी माणसं तिकडे बसलीत आणि ती हे ऐकणार. त्यांना काय ऐकू येईल? सासूला जावयाचं नाव सांगता आलं नाही. मी खाली समजावून लिहीन, पण खोट्या लग्नांत प्रत्येक जण रिवाजाचंच नाव पुढे करतो असं त्यांचं म्हणणं."

"लिनेट सांगेल की. नाहीतर लेओला बोलवा, तो न विचारता सांगतो."

"लिनेटने सांगितलं. पण ज्याने त्याने आपल्याच तोंडाने सांगायचं, असा नियम आहे."

"म्हणजे तुमच्याकडेही रिवाज असतात तर," रुफिना म्हणाली.

ऑड्रीबाईंनी समोरचे कागद आवरले. त्या म्हणाल्या, "उद्या दुपारच्या विमानाने मी जाणार. सकाळी या. तुम्ही नाव सांगितलंत तर तिघांचं एकत्र पाठवते. नाहीतर त्याला एकट्याला जागा आहे, त्या दोघांना नाही."

बाहेर पायऱ्यांवर जावई उभा होता. त्याच्या खांद्यावर पोमात, रुफिनाचा नातू, झोपला होता. पोराला रुफिनाच्या मेलेल्या नवऱ्याचं नाव ठेवलेलं. रुफिनाने दोघांकडे पाहिलं, मान हलवली आणि सरळ होडीत जाऊन बसली.

होडी परत निघाली. लिनेटने आईकडे पाठ फिरवली होती. रुफिना मात्र पाण्याकडे बघत बसली होती, आणि तिला काय वाटत होतं ते सांगायलाच हवं, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. तिला हायसं वाटत होतं. जीव भांड्यात पडला होता. लिनेट कुठे जाणार नव्हती, पोमात कुठे जाणार नव्हता, आणि ह्यात तिने कुणाचं काही वाईट केलं नव्हतं. तिने फक्त रीत पाळली होती.

गावात ही बातमी त्यांच्या आधी पोचली होती. किनाऱ्यावरच्या बायका म्हणाल्या, अशी बाई आता शोधून सापडायची नाही, आजकालच्या सासवा जावयाला खुशाल नावाने हाक मारतात, फोनवर फोटोखाली नाव लिहितात. एका म्हातारीने तिला आपल्या चंचीतली सुपारी दिली, चुना दिला. रुफिनाने ती चावली. एरवी अशी शाबासकी तिला आवडली असती. आज ती घशाखाली उतरेना, कारण रीत कुणी पाळली आणि रीतीच्या मागे कोण लपलं, हे तिला एकटीलाच ठाऊक होतं.

ती घरी आली तर जावई छपरावर. सागो माडाच्या झावळ्यांचं छप्पर एका कोपऱ्यात गळायला लागलं होतं. खाली नव्या झावळ्यांचा ढीग. तो एकेक झावळी वर ओढून घेत होता आणि बांधत होता. सासू समोर आली की तो मान दुसरीकडे वळवायचा, हे त्याला लग्नात शिकवलेलं. आताही त्याने तोंड झावळ्यांकडेच ठेवलं.

"तांबू, हा कोपरा बांधून टाकतो. पाऊस येईल."

"तू तर जाणार."

"एकटा? नाही जात. मी बाईंना सांगून आलो. म्हटलं, नाही झालं तर माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या. छावणीतले माझे पुष्कळ जण अजून राजधानीत खितपत पडलेत."

"आणि तुझे कागद?"

"कागद नाहीत, त्यात नवीन काय?" तो जरा हसला. "तांबू, मी रागावलो नाही. तुमची रीत आहे. मला इथे आणून ठेवलं तेव्हाही मला कुणी विचारलं नव्हतं. पण तेव्हा इथे लिनेट नव्हती, पोमात नव्हता. आता राहायला बरं आहे."

हे तो खरंच मनापासून बोलला. टोमणा मारण्यातला तो नव्हे, आणि म्हणूनच ते रुफिनाला फार लागलं. तिला हवं ते सगळं मिळालं होतं. मुलगी मिळाली, नातू मिळाला, जावईसुद्धा मिळाला, वर छप्परही शाकारून मिळत होतं. ती ओसरीच्या शिडीवर बसली आणि तिच्या ध्यानात आलं, की छावणी मोडली, कुंपण गेलं, पहारेकरी गेले, आणि आता ह्या माणसाला बेटावर अडवून ठेवणारी ती एकटी उरली आहे. धुलाईघरातल्या बाईला हे काम कुणी सांगितलं नव्हतं.

ऊन उतरल्यावर त्याच्या आईचा फोन आला. वस्तीतल्या कुणाचा तरी फोन मागून ती बोलायची, त्यामुळे घाई असायची आणि आवाज सारखा तुटायचा. तो तुटला की ती बाई मुलाचं नाव घेऊन ओरडायची. ऐकू येतंय का, असं विचारत असणार. पुन्हा तुटला की पुन्हा नाव. जावई अंगणात फिरत फिरत फोन उंच धरत होता आणि त्या लहानशा यंत्रातून त्याचं नाव साऱ्या नारळींखाली ऐकू येत होतं. मधला 'शि' ती जरा लांबवायची, पोराला वाळूतून घरात बोलावताना लांबवावा तसा.

त्या भाषेतला एकच शब्द रुफिनाला कळत होता, आणि नेमका तोच तिला तोंडात घेता येत नव्हता.

"काय म्हणतेय रे लिनेटची सासू?" तिने लेओला विचारलं. तो नेहमीसारखा गप्पा मारायला येऊन बसला होता.

"मला काय विचारतेस? मी काय बर्माचा?"

लिनेट चुलीपाशी सागोची भाकरी उलटत होती. सकाळपासून ती आईशी पहिल्यांदा बोलली. "विचारतेय, कॅनडाचं काय झालं. तो म्हणतोय, होईल हळूहळू. आईशी खोटं बोलायला लागला बघ तो, तुझ्यापायी."

"लिनेट," लेओ म्हणाला.

"काय लिनेट? मामा, तूच सांग. त्या बाईने पोटचा पोर होडीत बसवून दिला, जगेल की बुडेल माहीत नसताना. आणि हिला एक नाव उच्चारायचं तर आभाळ कोसळतं."

रुफिना म्हणाली, "भाकरी करपतेय."

लिनेटने भाकरी तव्यावरून काढली आणि आपटली. पोमात दचकला, मग हसला. त्याला वाटलं खेळ आहे.

जेवणं झाल्यावर लेओ जायला निघाला, तेव्हा रुफिना त्याच्याबरोबर होडीपर्यंत गेली. मामेभाऊ आणि आतेबहीण म्हणजे आमच्याकडे थट्टेचं नातं, वाटेल ते बोलावं, कुणी रागवायचं नाही. लेओ ह्या सवलतीचा जन्मभर पुरेपूर फायदा घेत आलाय.

"लेओ, समजा एखादीने तांबूचं नाव घेतलं. मुद्दाम. तर काय द्यावं लागेल?"

"मुद्दाम? चुकून घेतलं तर एक डुक्कर. मुद्दाम म्हणजे, बाई गं, चांगलं दोन डुकरांचं काम."

"आणि तांबू डुक्कर खात नसेल तर?"

"तर त्या एखादीने असा जावई करायच्या आधी माझा सल्ला घ्यायचा होता."

"मध्यस्थ तूच होतास, मेल्या."

"म्हणून तर सांगतोय, माझा सल्ला घ्यायचा नाही," लेओ म्हणाला, पण तिच्याकडे बघून त्याने थट्टा आवरती घेतली. "रुफिना, स्वतःला प्रिय असेल ते द्यावं लागतं. नको असलेलं देऊन लाज धुतली जात नाही. एवढंच मला माहीत आहे."

सकाळी ती टोपली घेऊन होडीत चढली. टोपलीवर केळीचं पान झाकलेलं.

"काय आहे?" लेओने विचारलं.

"सुपारी."

लेओने टोपली उचलून आत ठेवली आणि तिचं वजन त्याला कळलं. पानाच्या कडेतून मणी दिसले. शिंपल्याच्या मण्यांचा रुंद पट्टा, रुफिनाच्या आईने लग्नात नेसलेला, मग रुफिनाने नेसलेला. शिंपला फोडायचा, भोक पाडायचं, दगडावर घासून घासून मसुराएवढा गोल करायचा आणि असे हजारो मणी ओवायचे. आता असा पट्टा करणारी गावात कुणी उरलेली नाही. लिनेटने आपल्या लग्नात तो मागितला होता, तर रुफिनाने नेसायला दिला आणि त्याच दिवशी परत घेऊन पेटीत ठेवला. लेओने केळीचं पान नीट सारखं केलं, मोटार सुरू केली, आणि लोरेंगाऊ येईपर्यंत एकही विनोद केला नाही. लेओच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट म्हणायची.

जावयाला तिने मुद्दाम यायला लावलं होतं. तो, लिनेट, पोमात, लेओ पायऱ्यांवर बसून राहिले. बाजाराचा दिवस, त्यामुळे चर्चच्या कडेने बायका फळ्या मांडत होत्या. चारचौघं हवी होती, ती आयतीच मिळाली.

ऑड्रीबाईंनी यंत्र सुरू केलं. तारीख सांगितली, रुफिनाचं नाव सांगितलं. मग विचारलं, "तुमच्या मुलीच्या नवऱ्याचं नाव काय?"

रुफिनाने तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. भीती वाटली म्हणून नव्हे. जिभेला ते वळण कधी मिळालंच नव्हतं. लग्न झाल्यापासून ते नाव तिने कानांनी ऐकलं, बाजारात ऐकलं, भिंतीतून ऐकलं, पण एकदा पुटपुटूनही पाहिलं नव्हतं. रात्री पेटीतून पट्टा काढताना म्हणून पाहावं असं तिला वाटलं होतं, मग वाटलं, नको. पहिल्यांदा घ्यायचं ते त्याला ऐकू येईल असंच घ्यावं.

"आजी?" बाई हळूच म्हणाल्या.

"खिडकी उघडते हां," रुफिना म्हणाली.

ती उठली. खिडकीच्या काचेच्या पट्ट्या आडव्या करून उघडल्या. खाली पायऱ्यांवर त्याची पाठ दिसत होती, शर्टाची उलटी शिवलेली कॉलर दिसत होती. तिने श्वास घेतला, आणि समुद्रात लांब गेलेल्या होडीला किनाऱ्यावरून बायका हाक मारतात तशी हाक मारली. मधला 'शि' तिने लांबवला, त्या दुसऱ्या आईने लांबवला होता तसा.

"अबुल हाशिम!"

"जी!"

तो ताडकन उठून उभा राहिला होता. पहारेकऱ्यांच्या हाकेला तो "येस" म्हणायचा, ते रुफिनाने वर्षानुवर्षं ऐकलेलं. हे 'जी' तिने कधी ऐकलं नव्हतं. हे घरच्या हाकेला द्यायचं उत्तर होतं, लहानपणापासून आत कुठेतरी पडून राहिलेलं. बाजारातल्या बायका माना वर करून बघत राहिल्या. यंत्राने दोन्ही आवाज टिपले.

"झालं का तुमचं?" रुफिनाने विचारलं.

"झालं," ऑड्रीबाई म्हणाल्या. त्यांनी यंत्र लगेच बंद केलं नाही. मग केलं.

रुफिना टोपली घेऊन बाहेर आली. रीतीप्रमाणे तिने पट्टा दोन्ही हातांवर आडवा धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी माझ्या तांबूचं नाव घेतलं. जाणूनबुजून घेतलं. हे त्याच्यासाठी."

पट्टा बघून लिनेटने तोंडावर हात ठेवला. जावई मागे सरकला. "नको, तांबू. हे तुमच्या आईचं आहे. नको."

"घे रे बाबा," लेओ म्हणाला. "तू घेतल्याशिवाय तिची लाज जात नाही. का म्हातारीला उन्हात उभी ठेवतोस?"

त्याने हात पुढे केले. पट्टा जड होता, त्याच्या हातांना ते वजन अपेक्षित नसावं. मान वळवायची असते हे तो विसरला आणि सरळ सासूच्या तोंडाकडे बघत राहिला. तिनेही त्याला पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. त्याच्या भुवईत एक जुना व्रण होता, कुंपणातून तो दिसत नसे.

"तांबू," तो म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता. "अजून एकदा म्हणाल?"

"अरे, फुकट आहे का?" लेओ म्हणाला.

रुफिना म्हणाली, "माझ्याकडे दुसरा पट्टा नाही."

बाजारातल्या बायका हसल्या, लेओ हसला, जावईसुद्धा रडता रडता हसला. लिनेट हसली नाही. ती आईच्या गळ्यात पडली आणि बराच वेळ तशीच राहिली, कारण आईने आत्ता काय देऊन टाकलं ते तिला कळलं होतं, आणि तो पट्टा नव्हे.

व्हायला पुष्कळ महिने लागले, पण झालं. मोमोतेच्या धावपट्टीवर लिनेटने आईचे हात धरून ठेवले ते पोमातनेच ओढून सोडवले, त्याला विमानात बसायची घाई झाली होती. जावयाने पट्टा सामानात दिला नाही. शर्टाच्या आत पोटाला गुंडाळला होता, त्यामुळे काटकुळा माणूस एकाएकी सुखवस्तू दिसत होता. जाताना तो वाकला, म्हणाला, "येतो, तांबू." रुफिना म्हणाली, "ये, तांबू." आणि विमान दिसेनासं होईपर्यंत ती रडली नाही. मग लेओच्या खांद्यावर डोकं ठेवून इतकी रडली की त्याचा शर्ट पिळावा लागला, असं लेओ सांगतो. तो वाढवून सांगतो, पण ह्यात नाही.

आता रविवारी फोन येतो. पोमात जाडजूड कोटातून फक्त नाकाएवढा दिसतो. लिनेट म्हणते मासे मिळतात पण त्यांना चव नाही. मग जावई येतो, म्हणतो, "तांबू, बर्फ पडतोय. तांबू, आईला भेटायचे कागद टाकलेत." रुफिना म्हणते, "बरं झालं, तांबू. जेवलास का?" आणि फोन कटतो.

परवा लेओ होडी लावून वर आला तर ही ओहोटीच्या खडकावर बसलेली. शेजारी टोपलीभर शिंपले, मांडीवर ओलं फडकं, हातात घासायचा दगड. बोटांची कातडी सोललेली. बशीत मसुराएवढे पांढरे मणी, तळसुद्धा झाकला जाईल न जाईल इतकेच.

"हे काय? म्हातारपणी नटायची हौस आली?"

"सरक, उजेड अडतोय."

लेओ सरकला. त्याने बशीत बोट घालून मणी चाळवले. "अख्खा पट्टा करणारेस? तुझ्या डोळ्यांनी? अगं, दोन वर्षं जातील."

"जाऊ देत."

"आणि नेसणार कोण तो? लिनेट तिकडे. तुझ्या कमरेला पुरायचा म्हणजे तीन वर्षं धर."

रुफिनाने मणी डोळ्यांजवळ धरला, फुंकर मारली, एका बाजूला अजून जाडा होता, तो पुन्हा दगडावर टेकवला.

"मला त्याला अजून एकदा हाक मारायची आहे," ती म्हणाली.